फ्रेंच राज्यक्रांती: तिजोरीत खडखडाट कसा झाला आणि राजा परत आल्यावर काय टिकलं

प्रश्न असा आहे: 'फ्रेंच राज्यक्रांती सामाजिक विषमता, तत्त्वज्ञांचे विचार आणि राणीची उधळपट्टी यांमुळे झाली असं शाळेत शिकलो. एवढीच कारणं होती का? आणि १८०४ मध्ये नेपोलियन सम्राट झाला, १८१४ मध्ये जुन्या घराण्यातला राजा गादीवर परत आला, तर क्रांती फुकट गेली असंच म्हणायचं ना?'

आधी कारणं पाहू. विषमता होतीच, पण ती शंभर वर्षं आधीही होती. त्याच काळात प्रशिया आणि रशियातला शेतकरी जमीनदाराचा भूदास होता. फ्रान्समधले बहुतेक शेतकरी कायद्याने मोकळे होते आणि बऱ्याच जणांच्या नावावर थोडीफार जमीनही होती. विषमतेनेच क्रांती होत असती तर ती पॅरिसच्या आधी मॉस्कोत व्हायला हवी होती. तत्त्वज्ञांचं म्हणाल तर त्यांचं लिखाण सरदार, बिशप आणि खुद्द राजाचे मंत्रीही चवीने वाचत होते. लोकांना आपली तक्रार मांडायला शब्द मिळाले ते या लिखाणातून, पण १७८९ हे साल त्यातून येत नाही. राहिली राणी. 'पाव नाही तर केक खा' हे वाक्य तिच्या नावावर खपवलं जातं, पण मारी आंत्वानेत ऑस्ट्रियात दहा वर्षांची मुलगी होती तेव्हाच ते एका अज्ञात राजकन्येच्या तोंडी लिहिलं गेलं होतं.

तिच्या उधळपट्टीचा खरा आकार १७८८ च्या सरकारी हिशेबात दिसतो. खर्च सुमारे ६२.९ कोटी लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन), उत्पन्न सुमारे ५०.३ कोटी. खर्चापैकी दरबाराचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास. सैन्य, आरमार आणि परराष्ट्र खातं मिळून चौथा हिस्सा. आणि कर्जावरचं व्याज व हप्ते? सुमारे ३१.८ कोटी, म्हणजे निम्मा खर्च. राणीने एकही दागिना घेतला नसता तरी वही जुळली नसती.

हे कर्ज मुख्यतः युद्धांचं होतं. शेवटचा मोठा घाव अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा. इंग्लंडचा सूड घेण्यासाठी फ्रान्स १७७८ मध्ये त्यात उतरला आणि शंभर कोटी लिव्रहून जास्त घालून बसला. त्यातला बराचसा पैसा अर्थमंत्री नेकेर याने कर न वाढवता कर्ज काढून उभा केला. इंग्लंडवरही तेव्हा जवळपास तेवढंच कर्ज होतं आणि इंग्रज माणूस दरडोई कर फ्रेंच माणसाहून जास्तच भरत होता. तरी इंग्लंडला व्याज बरंच कमी पडायचं, कारण कर्जामागे पार्लमेंट उभं असायचं आणि हिशेब जाहीर व्हायचा. फ्रान्सचा राजा निरंकुश. तो मनात येईल तेव्हा देणी बुडवू शकतो हे सावकारांना पक्कं ठाऊक होतं, १७७० मध्ये तसं अंशतः झालंही होतं. म्हणून ते ती जोखीम व्याजात धरून घेत. राजावर कुणाचा अंकुश नव्हता म्हणूनच त्याला पैसा महाग पडत होता, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे.

हे किती थराला गेलं होतं ते तहहयात वार्षिकीच्या रोख्यांत दिसतं. आज एकरकमी पैसे द्यायचे आणि ठरवलेला माणूस जिवंत असेपर्यंत सरकारने दर वर्षी ठरावीक रक्कम द्यायची, असा हा करार. पैसे घालणारा आणि ज्याच्या आयुष्यावर करार ते माणूस वेगवेगळे असू शकत. फ्रेंच सरकारने अनेकदा वय न पाहता सरसकट आठ ते दहा टक्के देऊ केले. साठीच्या माणसाला ठीक, पण पाच वर्षांच्या मुलीलाही तोच दर! जिनीव्हाच्या सावकारांनी लगेच हिशेब मांडला. खात्यापित्या घरातल्या, देवी येऊन वाचलेल्या निरोगी लहान मुली निवडल्या, तीस-तीस जणींचे गट केले आणि त्यांच्या आयुष्यावर रोखे घेतले. फ्रान्सची तिजोरी जिनीव्हातल्या मुलींच्या तब्येतीला बांधली गेली. मुद्दल कधी फेडून मोकळं होता येत नाही, आणि मुली काही लवकर मरत नाहीत.

मग कर का वाढवला नाही? कारण वाढवायचा तर ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्यावर लावावा लागला असता. फ्रान्सची लोकसंख्या सुमारे २ कोटी ८० लाख. धर्मगुरू, सरदार आणि उरलेले सगळे अशा तीन कायदेशीर वर्गांत ती विभागलेली. 'तैल' नावाचा मुख्य कर सरदार आणि धर्मगुरूंना बहुतांशी माफ. चर्च स्वतःच्या मर्जीने ठरवलेली 'देणगी' द्यायचं. शिवाय माफी फक्त वर्गांना नव्हती. प्रांतांना, शहरांना, हुद्द्यांनाही होती. न्यायाधीशापासून कारकुनापर्यंत पन्नास हजारांहून जास्त पदं सरकारने विकलेली होती. वरच्या पदांबरोबर सरदारकीही मिळायची. म्हणजे पैसा कमावलेला व्यापारी पद विकत घेऊन करदात्यांच्या यादीतून बाहेर पडायचा.

मिठाचा कर पाहा. 'गाबेल'साठी देशाचे सहा प्रकारचे विभाग होते. पॅरिसभोवतीच्या 'मोठ्या गाबेल'च्या पट्ट्यात आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला साधारण सात पौंड मीठ सरकारी कोठारातून घेणं सक्तीचं होतं, तेही फक्त जेवणासाठी. मांस खारवायचं तर वेगळं विकत घ्या. शेजारच्या ब्रिटनी प्रांताला हा कर माफ. हद्दीच्या अलीकडे-पलीकडे मिठाच्या भावात वीसपटीहून जास्त फरक पडायचा. साहजिकच चोरट्या मिठाचा मोठा धंदा चालायचा आणि पकडला गेलेला माणूस सक्तमजुरीवर जायचा.

हा आणि इतर अप्रत्यक्ष कर सरकार स्वतः गोळा करत नसे. इजारदारांच्या एका कंपनीला मक्ता दिलेला होता. त्यांनी सरकारला आगाऊ ठरलेली रक्कम द्यायची आणि वर जे निघेल ते स्वतः ठेवायचं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्याने गेल्यावर रयतेचं काय झालं हे ज्यांनी वाचलं आहे त्यांना ही पद्धत नव्याने समजवायला नको. ऑक्सिजनच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेला लाव्हाझिए याच कंपनीचा भागीदार होता. करचुकवेगिरी थांबवण्यासाठी १७८४ पासून पॅरिसभोवती भिंत आणि जकात नाकी उभारली गेली, तीही याच कंपनीसाठी. १७९४ मध्ये लाव्हाझिएचं डोकं उडालं ते त्याच्या इजारदारीपायी.

१७८६ मध्ये अर्थमंत्री कालोन याने राजाला सांगितलं की तूट ११ कोटींच्या वर आहे. त्याचा उपाय चांगला होता: सगळ्या जमिनीवर एकच कर, माफी कुणालाच नाही, अंतर्गत जकाती बंद. पण असा कायदा 'पार्लमां'मध्ये नोंदवावा लागायचा. नावावरून संसद वाटते, पण ती उच्च न्यायालयं होती आणि न्यायाधीश सगळे पदं विकत घेतलेले सरदार. ते अडवतील म्हणून कालोनने २२ फेब्रुवारी १७८७ ला निवडक १४४ मान्यवरांची सभा भरवली. तिथेच तो फसला. १७८१ मध्ये नेकेरने जो ताळेबंद छापला होता त्यात एक कोटीची शिल्लक दाखवली होती. युद्धाचा खर्च 'असाधारण' म्हणून बाजूला काढलेला. मान्यवर म्हणाले, सहा वर्षांपूर्वी शिल्लक होती, आता एवढी तूट कशी? पैसा तूच खाल्लास. एप्रिलमध्ये कालोन गेला.

त्याच्या जागी आलेल्या ब्रिएनने तीच योजना थोड्या फरकाने रेटली. पॅरिसच्या पार्लमांने सांगितलं की नवा कर मंजूर करायचा अधिकार फक्त इस्टेट्स जनरलला, म्हणजे तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींच्या सभेला. ती सभा शेवटची १६१४ मध्ये भरली होती! मे १७८८ मध्ये राजाने पार्लमांचे अधिकार काढून घेतले तर शहराशहरांत दंगे झाले. ७ जूनला ग्रेनोबलमध्ये लोकांनी छपरांवरून सैनिकांवर कौलं फेकली. ८ ऑगस्टला राजा नमला आणि सभा बोलावली. १६ ऑगस्टला तिजोरीने रोख देणी तहकूब केली. निरंकुश राजसत्ता खरी संपली ती याच आठवड्यात, बास्तीय तुरुंगाच्या पाडावाच्या अकरा महिने आधी आणि एकही तुरुंग न फुटता. विशेष म्हणजे इथपर्यंतचं बंड मुख्यतः विशेषाधिकार असलेल्यांचं होतं. आपली करमाफी वाचवायला त्यांनी 'स्वातंत्र्य' हा शब्द वापरला आणि जनतेने टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या २५ सप्टेंबर १७८८ ला एकाएकी थांबल्या. पार्लमांने निकाल दिला की सभा १६१४ च्याच पद्धतीने भरेल: प्रत्येक वर्ग वेगळा बसेल आणि प्रत्येक वर्गाला एकच मत. म्हणजे धर्मगुरू आणि सरदार मिळून दोन विरुद्ध एक, कायमचं. वकील, डॉक्टर, व्यापारी, छोटे अधिकारी यांना कालपर्यंतचे पुढारी एका दिवसात शत्रू दिसू लागले. डिसेंबरात राजाने तिसऱ्या वर्गाच्या जागा दुप्पट केल्या, पण मतदान माणशी की वर्गवार हे सांगितलंच नाही. हा गोंधळ अंगाशी आला. तिढा न सोडवता आशा मात्र वाढवून ठेवली होती.

आता पावाचा भाव. १३ जुलै १७८८ ला उत्तर फ्रान्समध्ये भयंकर गारपीट होऊन उभं पीक झोपलं. पाठोपाठ इतका कडक हिवाळा आला की नद्या गोठल्या, पाणचक्क्या थांबल्या आणि ज्यांच्याकडे गहू होता त्यांनाही पीठ मिळेना. पॅरिसमध्ये चार पौंडी पाव एरवी आठ-नऊ सूला (सू हे छोटं नाणं) मिळायचा, तो फेब्रुवारी १७८९ मध्ये साडेचौदा सूवर गेला. साध्या मजुराची रोजी २० ते ३० सू, तीही कामाच्या दिवशीच. नवरा-बायको आणि दोन मुलांच्या घराला दिवसाला दोन पाव लागत. हिशेब तुम्हीच करा: भाडं, सरपण, कपडे यांना काहीच उरत नाही. लोकांनी पावाशिवाय दुसरं काही घेणं बंद केल्यावर कापडाचा खप पडला. १७८६ च्या व्यापारी करारामुळे स्वस्त इंग्रजी माल आधीच येत होता. विणकरांचं काम गेलं. म्हणजे भाव चढले तेव्हाच रोजगारही गेला.

भूक त्याआधीही अनेकदा पडली होती, त्यातून दंगे झाले आणि विझले. या वेळी वेगळं होतं ते असं की भुकेच्या ऐन मोसमात राजाने स्वतःच प्रजेला लेखी तक्रारी मागितल्या. निवडणुकीबरोबर प्रत्येक गावाने, प्रत्येक पंचक्रोशीने तक्रार-वह्या लिहायच्या होत्या. अशा सुमारे साठ हजार वह्या तयार झाल्या. त्यांत राजा नको असं जवळपास कुठेच नाही. जमीनदाराची कबुतरं आमचं बी खातात, शिकारीच्या हक्कामुळे सशाला हात लावता येत नाही, गिरणी-भट्टी त्याचीच वापरावी लागते, मिठाचा कर काढा, अशा तक्रारी. गावाने एकत्र बसून हे एकदा लिहिलं, की आता काहीतरी होणारच अशी खात्री बसते.

५ मे १७८९ ला व्हर्सायला सभा उघडली. वर्गवार की माणशी यावरच सहा आठवडे गेले. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःला 'राष्ट्रीय सभा' म्हणवून घेतलं आणि लगेच ठराव केला की आमच्या संमतीशिवायचे कर बेकायदा आहेत, आम्ही बसलो आहोत तोवर ते चालू राहतील. आणि सरकारी कर्जाची हमी आमची. राज्यघटनेच्या आधी कर्जाची हमी! सभेत रोखे बाळगणारे बरेच होते हे खरंच, पण त्यांनी राजाची दुखरी नसही नेमकी पकडली होती. २० जूनला टेनिस कोर्टावर, राज्यघटना होईपर्यंत न पांगण्याची शपथ झाली. राजाने २७ जूनला वरवर माघार घेतली, पण पॅरिसभोवती सैन्य जमवायला सुरुवात केली आणि ११ जुलैला लोकप्रिय नेकेरला काढलं.

पुढचे तीन दिवस नीट पाहावेत. १२ जुलैच्या रात्री लोकांनी आधी त्या इजारदारांच्या भिंतीवरची जकात नाकी जाळली, ५४ पैकी ४०. राजकारणाच्या आधी खाण्यापिण्यावरचा कर. १४ तारखेच्या सकाळी अँव्हालीद या सैनिकी इस्पितळाच्या कोठारातून तीसेक हजार बंदुका मिळाल्या, पण दारूगोळा नव्हता. तो काही दिवसांपूर्वी बास्तीयमध्ये हलवला होता, म्हणून मोर्चा तिकडे वळला. आत कैदी फक्त सात. रक्षणाला ८२ निवृत्त शिपाई आणि ३२ स्विस सैनिक. हल्लेखोरांपैकी सुमारे ९८ मेले. राजाच्या फ्रेंच गार्ड पथकातले शिपाई तोफा घेऊन लोकांच्या बाजूने आले तेव्हा किल्ला पडला. सेनापतींनी राजाला सांगितलं की बाकीच्या पलटणींचाही भरवसा नाही. निरंकुश राजाविरुद्धचं कुठलंही आंदोलन अभ्यासताना हाच दिवस शोधावा: शिपाई गोळी झाडायला नाही म्हणतो तो दिवस.

शहरांपेक्षा खेड्यांत जास्त घडलं. जुलैअखेर 'सरदारांनी गुंड पाठवलेत, ते उभं पीक कापून नेणार' अशी अफवा पसरली. शेतकरी हत्यारं घेऊन बाहेर पडले, गुंड दिसले नाहीत, तेव्हा मोर्चा जमीनदाराच्या वाड्याकडे वळला आणि देण्यांची दप्तरं जाळली गेली. घाबरलेल्या सभेने ४ ऑगस्टच्या रात्री सरंजामी हक्क संपल्याची घोषणा केली. पण प्रत्यक्ष कायद्यातली मेख फार कमी ठिकाणी सांगितली जाते. वेठ, शिकारीचा हक्क, कबुतरखाने विनामोबदला गेले. जमिनीवरची मुख्य देणी मात्र 'मालमत्ता' ठरली आणि ती सोडवून घ्यायला रोख देण्याच्या २० पट, धान्यरूप देण्याच्या २५ पट रक्कम भरायची होती. शेतकऱ्यांनी ना हप्ते भरले ना देणी दिली. चार वर्षं अधूनमधून वाडे जळत राहिले, आणि १७ जुलै १७९३ ला सगळी देणी विनामोबदला रद्द झाली. व्हर्सायमधल्या सरदारांच्या औदार्याच्या गोष्टी सांगितल्या जातात; शेतकऱ्याच्या पदरात हे पडलं ते त्याच्या हट्टामुळे.

२६ ऑगस्टला मानवी हक्कांचा जाहीरनामा आला. ५ ऑक्टोबरला पॅरिसच्या बाजारातल्या हजारो बायका भर पावसात वीस किलोमीटर चालून व्हर्सायला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला पॅरिसला घेऊन आल्या. इथे थांबून इंग्लंडसारखी मर्यादित राजेशाही बसवता आली नसती का? आली असती असं अनेकांना वाटतं. ती का बसली नाही याचं उत्तर पुन्हा तिजोरीत आहे.

जुने कर लोकांनी भरणं सोडलं, नवे बसायला वेळ लागणार, आणि कर्जाची हमी तर दिलेली. सभेने २ नोव्हेंबर १७८९ ला चर्चची जमीन राष्ट्राच्या ताब्यात घेतली. ती विकायला वेळ लागतो म्हणून तिच्या तारणावर 'असिन्या' हे रोखे काढले, आधी ४० कोटींचे, व्याजासह. वर्षाच्या आत त्यांचं चलन झालं आणि छापखाना थांबेना. युद्ध सुरू झाल्यावर तर सुमारच राहिला नाही. १७९३ च्या उन्हाळ्यात नोटेची किंमत छापील आकड्याच्या चौथ्या हिश्शावर आली, १७९५ च्या शेवटी एक टक्क्याच्याही खाली. शेतकरी कागद घेऊन धान्य देईना. शहरं उपाशी राहू लागली, आणि उपाशी पॅरिस प्रत्येक सरकारला आणखी टोकाला ढकलत राहिलं.

दुसरी साखळी चर्चची. जमीन घेतल्यावर धर्मगुरूंचा पगार सरकारने द्यायचा, मग त्यांची निवडणूकही नागरिकांनीच करावी, आणि त्यांनी राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यावी. साधारण निम्म्या पाद्र्यांनी शपथ नाकारली. पश्चिमेकडच्या श्रद्धाळू खेड्यांना क्रांती म्हणजे आपल्या पाद्र्यावरचा हल्ला वाटू लागली. मार्च १७९३ मध्ये तीन लाखांची सैन्यभरती जाहीर होताच व्हाँदे प्रांत पेटला. तिथल्या यादवीत आणि नंतरच्या सूडसत्रात लाखाहून जास्त माणसं मेली. गरीब शेतकऱ्यांनी क्रांतीविरुद्ध हत्यार उचललं, हे सरधोपट मांडणीत बसत नाही म्हणून टाळलं जातं.

तिसरी साखळी राजाची. २० जून १७९१ च्या रात्री सोळावा लुई वेषांतर करून कुटुंबासह सीमेकडे निघाला. वाटेत टपालचौकीवरच्या द्रुए नावाच्या माणसाने ओळखला आणि वारेनला अडकला. जाताना तो स्वतःच्या अक्षरात क्रांतीचा निषेध लिहून ठेवून गेला होता, त्यामुळे सारवासारव करायलाही जागा उरली नाही. २० एप्रिल १७९२ ला फ्रान्सने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं. गंमत अशी की ते सभेतल्या ब्रिसोच्या गटाला हवं होतं, क्रांती पसरवायला, आणि राजालाही हवं होतं, फ्रान्स हरेल या आशेने. विरोध करणाऱ्या मोजक्या लोकांत, पुढे दहशतपर्वाचा मुख्य नेता ठरलेला रोबेस्पियर होता. फौजा हरल्या, १० ऑगस्टला राजवाडा पडला, सप्टेंबरात तुरुंगांत हजाराहून जास्त कैदी कापले गेले, २१ सप्टेंबरला राजेशाही रद्द झाली आणि २१ जानेवारी १७९३ ला राजाचं डोकं उडालं.

१७९३-९४ चं दहशतपर्व म्हणजे काही माथेफिरूंचा रक्तपिपासूपणा, ही समजूत अपुरी आहे. बाहेर जवळपास सगळा युरोप, आत व्हाँदे आणि बंडखोर शहरं, नोट कवडीमोल. सरकारने धान्यापासून साबणापर्यंत कमाल दर ठरवले, सक्तीची सर्वव्यापी भरती केली आणि वर्षभरात साडेसात लाखांच्या घरात फौज उभी केली. या उपायांनी नोट तात्पुरती सावरली आणि आघाडीही. पण यंत्रणा थांबवायची कळ त्यात नव्हती. निकालाने मारले गेलेले सुमारे १७ हजार. तुरुंगात मेलेले आणि खटल्याविना मारलेले धरले तर दुप्पट. त्यांत सरदार दहा टक्क्यांहून कमी. मोठा भरणा शेतकरी-कारागिरांचा. आणि १० जून १७९४ चा, आरोपीला वकील नाकारणारा कायदा आला तेव्हा धोका ओसरत होता. २६ जूनला फ्लरसची लढाई जिंकल्यावर भीतीचं कारणच उरलं नाही. महिनाभरात रोबेस्पियरचंही डोकं उडालं.

पुढचं भराभर सांगता येतं. कमाल दर उठले, १७९५ चा हिवाळा जीवघेणा गेला, पाच संचालकांचं राज्य आलं. ऑक्टोबर १७९५ मध्ये पॅरिसच्या वस्त्यांनी उठाव केला तो सेनापती नेपोलियन बोनापार्टने तोफांनी मोडला. गोव्यातल्या कांदोळीचे, पुढे संमोहनासाठी गाजलेले आबे फारिया या उठावात बंडखोरांच्या बाजूने होते. १७९७ मध्ये सरकारने दोन-तृतीयांश कर्ज बुडवलं. ज्या दिवाळखोरीला भिऊन राजाने सभा बोलावली होती ती शेवटी प्रजासत्ताकाने करून टाकली. आणि ९ नोव्हेंबर १७९९ ला त्याच सेनापतीने, बोनापार्टने, सत्ता घेतली.

आता दुसरा प्रश्न. क्रांती फसली का हे गादीवर कोण बसलं यावरून ठरवू नये. परत आलेल्या राजाला काय परत घेता आलं नाही, ते पाहावं. १८१४ मध्ये अठरावा लुई परकीय संगिनींच्या आधाराने आला, म्हणजे मोडतोड करायला याहून चांगली संधी नव्हती. त्याने दिलेल्या सनदेत मात्र काय आहे? कायद्यापुढे सगळे फ्रेंच समान. कर ऐपतीच्या प्रमाणात, वर्गावरून नाही. विकलेल्या राष्ट्रीय जमिनी खरेदीदारांच्याच. सरकारी कर्जाची हमी. दशांश धर्मपट्टी, सरंजामी देणी, अंतर्गत जकाती, पदांची सर्रास विक्री, मिठाची सक्ती यांतलं जुन्या रूपात काहीच परत आलं नाही. ८३ जिल्ह्यांची रचना, मेट्रिक मापं, वारसांत समान वाटणी टिकली. प्रोटेस्टंट आणि ज्यूंचं नागरिकत्वही.

पण हे लाभ कुणाचे, हेही विचारायला हवं. चर्चची जमीन लिलावात मोठ्या तुकड्यांनी गेली. ती शहरी पैसेवाल्यांनी आणि सधन शेतकऱ्यांनी घेतली, भूमिहीन मजूर तसाच राहिला. १७९१ च्या कायद्याने मजुरांच्या संघटना आणि संप बंद झाले. संप १८६४ पर्यंत आणि संघटना १८८४ पर्यंत बेकायदा होत्या. १७९१ च्या घटनेत मत फक्त तीन दिवसांच्या मजुरीएवढा कर भरणाऱ्या पुरुषांना. व्हर्सायला चालत गेलेल्या बायकांना १९४४ पर्यंत मताधिकार नव्हता. १७९२ मध्ये मिळालेला घटस्फोटाचा हक्क १८१६ मध्ये काढून घेतला गेला. वसाहतींतली गुलामगिरी फेब्रुवारी १७९४ मध्ये रद्द झाली ती सँ-दोमिंगच्या (आजच्या हैतीच्या) गुलामांनी उठाव करून भाग पाडल्यावर, आणि नेपोलियनने १८०२ मध्ये ती पुन्हा आणली.

आपल्याकडे या क्रांतीचा सगळ्यात नेमका उपयोग डॉ. आंबेडकरांनी केला. २५ डिसेंबर १९२७ ला महाडच्या परिषदेत त्यांनी त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. ते पाण्याचा हक्क मागून थांबले नाहीत, जन्माने ठरणारे अधिकारच मोडायचे आहेत हे त्यांनी त्या आधाराने मांडलं. पुढे १९५४ मध्ये मात्र आकाशवाणीवर त्यांनी बजावलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं मी फ्रेंच क्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, बुद्धाकडून घेतली आहेत. महाडचा दाखला देऊन हे दुसरं विधान गाळणारे लेख बरेच दिसतात. दोन्ही एकत्र वाचावीत.

क्रांतीत देश सोडून गेलेल्या सरदारांची जप्त होऊन विकली गेलेली जमीन त्यांना शेवटपर्यंत परत मिळाली नाही. १८२५ मध्ये पुढचा राजा दहाव्या चार्ल्सने त्यांना भरपाई म्हणून तीन टक्क्यांचे सरकारी रोखे दिले, आणि त्याचा भार जुन्या रोखेधारकांचं व्याज कमी करून भागवला. त्याच वर्षी त्याने हैतीकडून, म्हणजे स्वतःला स्वतंत्र करून घेतलेल्या त्या गुलामांच्या देशाकडून, मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले. ते भागवायला हैतीला पॅरिसच्या बँकांकडूनच कर्ज काढावं लागलं.